घरी किंवा खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी सरकारी व्यवसाय शिक्षण: मराठवाड्यातील पालकांनी कोणत्या क्रमाने पुढे जावे

खासगी इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या किंवा शाळेत न जाता घरीच अभ्यास करणाऱ्या मुलाला वायरिंग, वेल्डिंग, शिवणकाम अथवा मशीनवरचे काम शिकायचे असेल, तर पालकांचा पहिला प्रश्न असतो की, सरकारी संस्थेत त्याला घेतील का. आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) आणि शासकीय कौशल्य केंद्रे विद्यार्थ्याची आधीची शाळा सरकारी होती की खासगी, हे विचारत नाहीत. वय किती, कोणती इयत्ता झाल्याचा पुरावा आहे आणि रहिवास कुठला, एवढेच ती पाहतात. आठवी ते बारावीच्या वर्गांत विषय म्हणून शिकवले जाणारे व्यवसाय शिक्षण मात्र शाळेच्या नोंदणीला बांधलेले असते आणि तेथे बाहेरच्या मुलाला वाट अरुंद आहे. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे ध्यानात न घेता अनेक पालक तांत्रिक विद्यालयात (शाळांच्या मुलांना तांत्रिक विषय शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत) नकार मिळाला की आयटीआयचीही आशा सोडून देतात. मुलगा चौदा वर्षांचा होण्याच्या आत पुढील कामे सुरू केली, तर अशी वेळ सहसा येत नाही.

पहिले काम: मूल कोणत्या नोंदीत आहे ते पाहावे

खासगी शाळा राज्य मंडळाची मान्यता असलेली, स्वयंअर्थसहाय्यित असेल, तर मुलाचे नाव शासनाच्या विद्यार्थी नोंदीत असते आणि त्याला दहावीचे साधे राज्य मंडळाचे प्रमाणपत्र मिळते. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेतील मुलालाही दहावीनंतर अडचण नसते. दहावीच्या आत राज्य मंडळाचा व्यवसाय विषय त्याच्या गुणपत्रिकेत येऊ शकत नाही, इतकाच फरक. सीबीएसईच्या शाळेत नववी-दहावीला सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेता येतो आणि विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्रात मूल अनुत्तीर्ण झाले, तर निकालात त्या विषयाच्या जागी कौशल्य विषय धरला जातो. शाळेने तो सुरू केला आहे का, याची चौकशी आधी शाळेतच करावी.

घरी शिकणाऱ्या मुलांचे दोन गट पडतात. काही कुटुंबांनी विचारपूर्वक शाळा टाळलेली असते. मराठवाड्यात संख्येने मोठा गट मात्र दुसराच आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांची मुले सहावी-सातवीनंतर शाळेपासून तुटतात आणि आईवडिलांबरोबर किंवा गावात आजीपाशी राहून जमेल तेवढे शिकतात. शासनाच्या लेखी दोघेही शाळाबाह्य असल्यामुळे दोघांचा मार्गही जवळपास एकच आहे. म्हणून हा लेख दोघांनाही धरून आहे.

मूल सहा ते चौदा वर्षांचे असेल, तर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ उपयोगी पडतो. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून (कलम ५) किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम १४) प्रवेश नाकारता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत थेट सातवी-आठवीत बसवून आठवीचा कागद मिळवणे हा ग्रामीण कुटुंबासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. घरच्या शिक्षणावर ठाम असलेल्या पालकांना तो पटणार नाही. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालये आहेत.

दुसरे काम: आठवी किंवा दहावीचा मान्य कागद मिळवावा

मुलाला घरी कितीही उत्तम शिकवले असले, तरी प्रवेशाच्या खिडकीवर मान्य मंडळाची गुणपत्रिका लागते. ती तीन मार्गांनी मिळते.

पहिला मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. पुण्याच्या राज्य मंडळाच्या अखत्यारीत चालणाऱ्या या व्यवस्थेतून पाचवी आणि आठवीच्या परीक्षा देता येतात. आठवीसाठी वयाची तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मराठीतून अभ्यास करणाऱ्या आणि दहावीची घाई नसलेल्या मुलाला ही सुरुवात सोपी जाते.

दुसरा मार्ग सतरा नंबरच्या अर्जाचा. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसण्यासाठी राज्य मंडळाकडे ऑनलाइन नावनोंदणी करावी लागते. मंडळाने नेमलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत कागद जमा करावे लागतात आणि परीक्षा नियमित विद्यार्थ्यांबरोबरच होते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतात, तर लातूर, नांदेड आणि धाराशिव लातूर विभागीय मंडळात. नावनोंदणीची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे पावसाळा सुरू होताच मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

तिसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. ही केंद्राची संस्था १९८९ पासून कार्यरत आहे आणि महाराष्ट्रासाठी तिचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ आहे, माध्यम मराठी घेता येते, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो आणि त्या मुदतीत नऊ संधी मिळतात. शैक्षणिक विषयांबरोबर एखादा व्यावसायिक विषय घेण्याचीही सोय आहे. ऊसतोडीच्या कुटुंबासाठी माझ्या मते हाच मार्ग अधिक सोयीचा आहे, कारण राज्य मंडळाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे कुटुंब फडावर असताना येते, तर एनआयओएसच्या एप्रिल-मेच्या परीक्षेपर्यंत बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या असतात.

एनआयओएस घेताना एक धोका मात्र आहे. या मंडळात विषय निवडीचे स्वातंत्र्य मोठे असल्यामुळे अनेक मुले गणित आणि विज्ञान सोडून सोपे वाटणारे विषय घेतात आणि दहावी उत्तीर्ण होतात. पुढे आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा फिटर या ट्रेडसाठी (व्यवसाय अभ्यासक्रमासाठी) अर्ज करताना समजते की, त्या ट्रेडना गणित आणि विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. पॉलिटेक्निकच्या अभियांत्रिकी पदविकेच्या अभ्यासातही हे विषय लागतात. म्हणून मुलाचा कल यंत्राकडे किंवा विजेच्या कामाकडे असेल, तर कमी गुण पडले तरी चालतील, पण हे दोन विषय सोडू नयेत.

तिसरे काम: वयाप्रमाणे कोणता दरवाजा उघडा आहे ते ठरवावे

चौदा वर्षांच्या आत प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही सरकारी अभ्यासक्रमाच्या मागे लागू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम पाहण्याची आणि शिकण्याची कल्पना आहे, ती घरच्या मुलासाठीही राबवता येते. पैठणला पैठणीचे माग आहेत, जालन्याला लोखंडाच्या भट्ट्या आणि बियाण्यांचा उद्योग आहे, संभाजीनगरला हिमरूचे विणकर अजून आहेत. पाहणे आणि हात लावून बघणे ठीक, मात्र चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे बालकामगार कायद्याने गुन्हा आहे, मग त्याला 'शिकाऊ' म्हटले तरी.

चौदा पूर्ण झाल्यावर आयटीआय आणि शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालील उमेदवारी खुली होते. धोकादायक उद्योगांत मात्र उमेदवारीसाठी अठरा वर्षे लागतात. पंधरापासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे अल्पमुदतीचे वर्ग आणि जन शिक्षण संस्थानाचे वर्ग मिळतात. जन शिक्षण संस्थान ही योजना मुळात निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहे. तेथे महिला आणि मागास घटकांना प्राधान्य असते. शिवणकाम, ब्युटी पार्लर, विजेची दुरुस्ती असे वर्ग गावाजवळ भरवले जातात, त्यामुळे मुलीला रोज तालुक्याला पाठवणे ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्या जिल्ह्यात हे संस्थान आहे का, याची चौकशी अवश्य करावी. संगणकासाठी नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा सीसीसी हा प्राथमिक ८० तासांचा अभ्यासक्रम कोणत्याही शैक्षणिक पात्रतेची अट घालत नाही. नायलिटचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात आहे.

शाळेत असतानाच व्यवसाय विषय हवा असेल तर

राज्यात शासकीय तांत्रिक विद्यालये आहेत. त्यांची मूळ रचना अशी की, परिसरातील संलग्न माध्यमिक शाळांचे विद्यार्थी आठवी ते दहावीत ठरावीक तासांना तेथे येऊन कार्यशाळेत तांत्रिक विषय शिकतात आणि त्या विषयाचे गुण त्यांच्या दहावीच्या निकालात धरले जातात. खासगी शाळेच्या पालकांसाठी ही व्यवस्था महत्त्वाची आहे, कारण एका शाळेचे मूल दुसऱ्या, सरकारी संस्थेत व्यवसाय विषय शिकते असे हे आपल्याकडचे जुने आणि चालू उदाहरण आहे. पालकांनी स्वतः जाऊन प्रवेश मागितला तर काम होत नाही, कारण विषयाची नोंद मुलाच्या शाळेमार्फतच मंडळाकडे जाते. म्हणून पत्र मुख्याध्यापकांनी लिहिले पाहिजे. पालकांनी मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

"माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता सातवीत शिकत असून आठवीपासून त्याने तांत्रिक विषय घ्यावा अशी आमची इच्छा आहे. आपली शाळा शासकीय तांत्रिक विद्यालयाशी संलग्न आहे किंवा कसे, हे कृपया लेखी कळवावे. संलग्न नसल्यास येत्या शैक्षणिक वर्षापासून संलग्नतेसाठी तांत्रिक विद्यालयाच्या मुख्याध्यापकांकडे विनंती करावी. असा विषय घेऊ इच्छिणाऱ्या अन्य पालकांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत."

एकट्या मुलासाठी शाळा हालचाल करत नाही. पंधरा-वीस पालकांच्या सह्या असतील, तर तासिकांची आणि वाहनाची व्यवस्था करण्याचा विचार तरी होतो. हा अर्ज सातवीच्या दुसऱ्या सत्रात द्यावा, कारण आठवीचे वेळापत्रक एकदा लागले की वर्षभर ते हलत नाही. सीबीएसई शाळेला आणि घरी शिकणाऱ्या मुलाला हा मार्ग उपलब्ध नाही. घरच्या मुलाला तांत्रिक विद्यालय हवेच असेल, तर त्याला एखाद्या संलग्न शाळेत नियमित प्रवेश घ्यावा लागेल.

दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयांतील व्यावसायिक शाखा आणि विज्ञान शाखेतील द्विलक्षी (बायफोकल) व्यवसाय विषय यांच्यासाठी आधीची शाळा वा मंडळ आडवे येत नाही. तेथे प्रश्न फक्त जागांचा असतो.

आयटीआयचा प्रवेश

शासकीय आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात, मराठवाड्याचे प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास अर्ज सुरू होतात आणि ऑगस्टमध्ये सत्र सुरू होते. वयाला कमाल मर्यादा नाही. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम यांसारख्या ट्रेडना केंद्राच्या निकषांप्रमाणे आठवी पुरते, पण महाराष्ट्रात गुणक्रम दहावीच्या गुणांवर लागत असल्यामुळे केवळ आठवीच्या कागदावर विसंबून राहू नये. निदान दहावीला बसलेले असावे. दहावी अनुत्तीर्णांसाठीही या ट्रेडमध्ये जागा असतात.

अर्ज भरला म्हणजे झाले, असा समज घातक ठरतो. ऑनलाइन अर्जानंतर मूळ कागद घेऊन कोणत्याही शासकीय आयटीआयमध्ये अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो आणि ज्याचा अर्ज निश्चित झाला नाही त्याचे नाव गुणवत्ता यादीत येतच नाही. त्यानंतर प्राथमिक यादी, तिच्यावर हरकती, अंतिम यादी आणि मग संस्था व ट्रेडचे विकल्प, असा क्रम असतो. पहिल्या फेरीत पहिल्याच विकल्पाची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. न घेतल्यास पुढील फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने भरले म्हणून आपणही पहिला विकल्प भरू नये. शेवटी संस्था स्तरावर समुपदेशन फेरी होते आणि कमी गुणांच्या मुलांना तेथे पुष्कळदा जागा मिळतात. पहिल्या तीन फेऱ्यांत नाव आले नाही म्हणून निराश होऊन मुलाला कामाला लावणाऱ्या पालकांना या फेरीची माहितीच नसते.

घरी शिकलेल्या मुलाची गाडी अडते ती अर्ज निश्चितीच्या टेबलावर. समजा, केज तालुक्यातील एका मुलीने सहावीनंतर शाळा सोडली आणि एनआयओएसमधून दहावी केली. टेबलावरचे लिपिक शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तिच्याकडे सहावीचा जुना दाखला आहे, त्यावर नाव 'सुनिता' आहे, आधारवर 'सुनीता' आहे आणि गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मधे नाही. एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर व शाळा सोडल्याचे एकत्रित प्रमाणपत्र देते. ते दाखल्याच्या जागी सादर करायचे असते, पण अनेक कुटुंबे ते पाकीट न उघडताच ठेवून देतात. नावातला फरक आधारमध्ये आधीच दुरुस्त केला असता, तर दोन हेलपाटे वाचले असते. सतरा नंबरने दहावी केलेल्यांनी शेवटच्या शाळेचा दाखला जपून ठेवावा.

जातीच्या दाखल्याचा भाग आणखी किचकट आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर जातीची नोंद असते, जी घरी शिकलेल्या मुलाकडे नसू शकते. मग वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी किंवा महसुली कागद लागतात. पुराव्याची तारीख अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची असावी लागते. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्या वाचून घेण्यात आठवडे जातात. अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला ही सर्व कामे एप्रिल-मेमध्ये सेतू केंद्रातून उरकावीत. जूनमध्ये तेथे पाय ठेवायला जागा नसते.

प्रवेश मिळाल्यानंतर हजेरीचा नियम कडक आहे. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. घरच्या मोकळ्या वेळापत्रकाची सवय असलेल्या मुलाला सुरुवातीचे महिने जड जातात, याची त्याला आधीच कल्पना द्यावी. आयटीआय पूर्णवेळ असल्यामुळे त्याच वेळी नियमित अकरावी करता येत नाही, परंतु दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून भाषा विषयांची परीक्षा दिल्यास बारावीची समकक्षता मिळू शकते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजाही खुला असतो. त्यामुळे 'आयटीआय केले की शिक्षण संपले' हा गैरसमज आता तरी सोडावा.

ट्रेड निवडताना आसपासच्या कामाचाही विचार करावा. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांना फिटर, टर्नर, मशिनिस्ट लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. गावातच राहायचे असेल, तर मोटार रिवाइंडिंग, पंप दुरुस्ती आणि ट्रॅक्टरचे काम कधी थांबत नाही.

प्रमाणपत्र खरे आहे का

तालुक्याच्या ठिकाणी 'शासनमान्य' पाटी लावून हजारो रुपये घेणारी केंद्रे आहेत आणि घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक त्यांचे सोपे गिऱ्हाईक ठरतात, कारण तेथे कागद कोणी मागत नाही. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणाच्या सहीने मिळणार, परीक्षा कोण घेणार आणि केंद्राचे नाव सरकारी संकेतस्थळावर कुठे दिसते. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडून येते. अल्पमुदतीच्या योजनांतील केंद्रे आणि प्रमाणपत्रे स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या वर्गाला उमेदवाराने शुल्क द्यायचे नसते. कोणी मागितले, तर तेथेच थांबावे.

नकार मिळाल्यास

तोंडी नकार स्वीकारू नये. 'तुमचे मूल शाळेत नव्हते' एवढेच कारण सांगितले जात असेल, तर त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे पान पुढे ठेवावे आणि नकार कोणत्या नियमानुसार आहे हे लिहून मागावे. लेखी मागणीची पोच घ्यावी. बहुतेक प्रकरणे याच टप्प्यावर सुटतात, कारण टेबलावरच्या कर्मचाऱ्याला मुक्त विद्यालयाच्या गुणपत्रिकेची सवय नसते, नियम मात्र तिच्या बाजूने असतो. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर संस्थेचे प्राचार्य, मग जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी आणि शेवटी छत्रपती संभाजीनगरचे प्रादेशिक कार्यालय, या क्रमाने अर्ज करावेत. प्रवेशाच्या फेऱ्या काही दिवसांत संपत असल्यामुळे तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात गेले पाहिजेत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कात करता येतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने चालू वर्षाच्या प्रवेशासाठी त्याचा उपयोग नाही. पुढच्या वर्षी तेच कारण पुन्हा सांगितले जाऊ नये, यासाठी मात्र तो जरूर करावा.